मुका नारळ

नसीमाच्या नवऱ्याला त्या वर्षी वाऱ्याने झपाटलं होतं. वारा सुटला की अस्लम पडवीत यायचा, वारा पडला की खळ्यात जाऊन आभाळाकडे बघत उभा राहायचा. जेवताना घास हातातच धरून म्हणायचा, "बघ, आता पश्चिमेकडनं आला," आणि ताटातलं कालवण निवून जायचं. सोळा वर्षं कतारच्या समुद्रात, तेलाच्या प्लॅटफॉर्मवर विजेची कामं करून आलेला माणूस. घरी आल्यावर चार दिवस पाय पसरून झोपेल, असं तिला वाटलं होतं. कसलं काय! त्याच्या पायाला भिंगरी लागलेली.

त्याचं सगळं लक्ष पांढऱ्यावर. नाटे गावाच्या बंदरासमोर, होडीने पाव तासावर, समुद्रातून वर आलेला एक भला मोठा खडक आहे. पाखरांनी घाण करून करून तो पांढरा केलाय, म्हणून नाव पांढऱ्या. गावाला त्याचा उपयोग शून्य. होड्यांनी त्याच्यापासून लांबून जायचं, एवढाच त्याचा मान. त्या खडकावर पवनचक्की उभी करायची, तिची वीज तारेने बंदरावर आणायची आणि त्या विजेवर बर्फाचा कारखाना चालवायचा, असं अस्लमच्या डोक्यात होतं. दोन हजार पाच साल होतं. लोडशेडिंगने सगळा जिल्हा जेरीस आलेला. बर्फ रत्नागिरीहून ट्रकने यायचा, आणि येईस्तोवर त्यातला निम्मा रस्त्यावर सांडलेला असायचा. नाट्याची सुरमई बंदरावर उतरायची ताजी आणि बाजारात पोचायची मान टाकून.

नेमकं त्याच वर्षी सरकारलाही समुद्रावरचा वारा आठवला. किनाऱ्यासमोरच्या खडकांवर कोणी पवनचक्की बांधत असेल, तर दर युनिटमागे वरून काही मदत द्यायची, दहा वर्षं, अशी योजना निघाली. मदत किती, ते मात्र सरकार सांगेना. म्हणे लिलावात ठरेल.

"जो सगळ्यात कमी मागंल, त्याला खडक," अस्लमने नसीमाला समजावलं. "तीन रुपयांपासनं सुरुवात. मग कोणी म्हणंल मना अडीच पुरे, कोणी म्हणंल दोन. जो शेवटी उरंल तो."

नसीमाला हसूच फुटलं. तिने लिलाव पाहिले होते ते वर चढणारे. मशिदीला कोणी अंडी दिली, कोंबडा दिला की जुम्म्याच्या नमाजानंतर त्याचा लिलाव व्हायचा, आणि एकेक अंडं शंभर-शंभर रुपयांना जायचं. देवळात शिमग्याला नारळाचंही तेच. "म्हणजे हा उलटा लिलाव. ज्याची भूक कमी, त्याला ताट!"

"भूक कमी नाय गो. हिशेब पक्का." अस्लमचा हिशेब खरोखरच पक्का होता. सव्वा रुपया ही त्याची शेवटची पायरी. तेवढी मदत मिळाली तर बँकेचा हप्ता जाऊन, दोन शिकलेली माणसं कामाला ठेवून, एक होडी कायम खडकापाशी ठेवून चक्की नीट चालली असती. "त्याच्या खाली गेलो तर माणसं ठेवता येत नाय. मग भर पावसात त्या खांबावर मी एकटा. तिकडं कतारला एक केरळचा पोरगा असाच एकटा चढला होता." पुढे काय झालं ते त्याने सांगितलं नाही, आणि तिने विचारलंही नाही.

नसीमाला पवनचक्कीचं काही पडलं नव्हतं. तिला नवरा घरात हवा होता, एवढी साधी गोष्ट होती. कतारच्या कंपनीने ईदपर्यंत त्याची जागा राखून ठेवली होती. तोवर खडक मिळाला तर तो राहणार, नाहीतर परत जाणार. सोळा वर्षांत वर्षाकाठी दोन महिने नवरा आला, तो पाहुण्यासारखा. आठ वर्षांच्या महरीनने तर परवा कहरच केला. अब्बाने तिची अभ्यासाची खुर्ची घेतली, तर पोर आईच्या कानाशी येऊन हळूच विचारते, "ते कधी जाणार?" नसीमाने तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मग स्वतःच चुलीपाशी जाऊन रडली.

लिलावासाठी नाव घातलेले गावातले तिघेच होते. एक अस्लम. दुसरा हमझा, दोन लाँचींचा मालक, अस्लमचा लहानपणापासूनचा दोस्त, त्याला बर्फ हवा होता. तिसरे भास्करकाका, काजूच्या कारखान्याचे मालक, त्यांना वीज हवी होती. तिघे एकत्रच रत्नागिरीला जाऊन कागद घेऊन आले होते, वाटेत एकाच गाडीवर भजी खाऊन. "ज्याला मिळंल त्यानं बाकीच्या दोघांना वीज द्यायची," असं हसत-खेळत ठरलं होतं. पण हसत-खेळत ठरलेलं नसीमाला पुरेना. हमझाने जोरात बोली खाली आणली तर? भास्करकाकांकडे पैसा आहे, ते हट्टाला पेटले तर? तिची झोप उडाली. वारा अस्लमला लागला होता, तो आता तिलाही लागला.

आणि मग तिला मुका नारळ आठवला.

ही त्या बाजूची जुनी रीत. देवळाचा लिलाव असो की जमातीचा, माडांचा असो की गेलेल्या माणसाच्या होडीचा, एखाद्याचं त्या वस्तूवाचून खरंच अडलेलं असतं. मग त्याच्या घरची बाई एक सोललेला, शेंडीचा नारळ घेऊन दुसऱ्या बोलीदाराच्या उंबऱ्यावर जाते आणि ठेवून येते. बोलायचं काही नाही. समोरच्याने नारळ उचलून आत नेला, की त्याने लिलावात तोंड उघडायचं नाही. तो नारळ कोणी आणला, तेही त्याने कधी, कोणाला सांगायचं नाही; मागणाऱ्याची लाज झाकलेली राहिली पाहिजे. लिलाव पार पडला की नारळ फोडायचा आणि त्यातली एक कवड गुपचूप ज्याची त्याला पाठवायची. असा नारळ घेऊन कोणी उलटल्याचं नाट्यात तरी ऐकिवात नव्हतं.

श्रावणातल्या एका दुपारी नसीमा ओढणी डोक्यावर घट्ट घेऊन निघाली. हमझाच्या उंबऱ्यावर तिने नारळ ठेवला, तेव्हा तो पडवीत रेडिओ ठोकत बसला होता. त्याने नारळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं नाही, ते रीतीला धरूनच होतं. रेडिओ बाजूला ठेवून तो उठला आणि नारळ आत घेऊन गेला. भास्करकाकांच्या दारात तिचे पाय जरा अडखळले. पण काकांनी चष्मा कपाळावर चढवला, नारळ हातात घेऊन कानाशी हलवून पाहिला आणि म्हणाले, "पाणी आहे हो छान." एवढंच. परत येताना नसीमाला इतकं हलकं वाटलं, की घाटीच्या पायऱ्या ती पोरीसारखी उड्या मारत उतरली.

लिलावाच्या दिवशी तिने गोड सांदणं वाफवली. संध्याकाळच्या एसटीने अस्लम आला आणि पडवीत नुसता बसला. पाणी दिलं, ते प्याला नाही.

"काय झाला?"

"रद्द."

"काय रद्द?"

"लिलाव! साहेब म्हणाले बोला. मी म्हटला दोन रुपये नव्वद पैसे. साहेब म्हणाले, आणखी कोण? हमझा गप. साहेबांनी तीनदा विचारलान, त्याला नाव घेऊन विचारलान. हा आपला छताकडं बघतोय! भास्करकाका तर आलेच नाय. मग साहेबांनी कागद मिटला. म्हणाले, एकट्याच्या बोलीला लिलाव म्हणत नाय, नियमात बसत नाय. आता परत काढणार. मुंबईच्या पेपरात जाहिरात देऊन."

नसीमाच्या हातातलं ताट तसंच राहिलं. काय झालं ते नीट कळायला तिला थोडा वेळ लागला. गावच्या लिलावात सगळे गप्प बसले की वस्तू गरजवंताच्या पदरात पडते. सरकारच्या लिलावात सगळे गप्प बसले की वस्तूच नाहीशी होते. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? तिने कोणाला विचारलंच नव्हतं.

"आणि हा हमझा!" अस्लम उठून खळ्यात येरझारा घालू लागला. "दोन महिने माझ्याबरोबर हिशेब मांडलान. ऐन टायमाला तोंडात गुळणी! कोणीतरी मुंबईचा याला भेटलाय. मुद्दाम रद्द करवलान त्यानं!"

तेव्हाच सांगायचं होतं. नसीमाने तोंड उघडलंही. पण उघडलेल्या तोंडातून "जेवून घ्या" एवढंच निघालं.

पुढचे दिवस वाईट गेले. अस्लमने हमझाच्या घरावरून जाणं सोडलं. बंदरावर जायचं तर मागच्या कातळावरून वळसा घालून जाई. हमझाकडून रोज येणारी मासळी त्याने दारातून परत पाठवली. महरीनला हमझाच्या पोरांशी खेळायला बंदी. मशिदीत दोघे एका रांगेत उभे राहिले तरी सलाम दुसऱ्यांनाच. आणि नसीमा? ती दिवसातून चारदा बंदराकडे बघायची, चारदा आत यायची. भात करपायचा, दूध उतू जायचं. हमझाने एक शब्द काढला असता तर तो सुटला असता. पण त्याने नारळ घेतला होता. तो माणूस तिची लाज झाकत होता आणि ती त्याला उघडा पडलेला बघत होती. तिला स्वतःचा इतका राग कधीच आला नव्हता.

गणपती झाल्यावर एका सकाळी ते बंदरावर फुटलं. मासळी उतरत होती, सगळी गर्दी होती. हमझा जाळ्याची गाठ मारत बसलेला. अस्लम त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. नसीमा कोळंबी घ्यायला आली होती, ती चार पावलांवर.

"किती घेतलास रे?" अस्लम मोठ्याने म्हणाला. "सांग की सगळ्यांना. माझा तोंड बंद करायला नाय, तुझा बंद ठेवायला किती घेतलास?"

हमझाने मान वर केली नाही. त्याच्या बोटांनी गाठ पुरी केली आणि दुसरी सुरू केली. त्याचे कान तेवढे लाल झाले होते.

"दगाबाज माणूस! सोळा वर्षं मी तिकडं, माझ्या घराला तुझ्या भरवशावर टाकून..."

नसीमाने कोळंबीची पिशवी तिथेच खाली ठेवली. ती वळली आणि भराभर चालत हमझाच्या घरी गेली. "तो नारळ दे," तिने त्याच्या बायकोला, समरीनला सांगितलं. समरीन बघतच राहिली. दिलेला नारळ परत मागायला आजवर कोणी आलं नव्हतं. "दे गो, बघतेस काय!" असं नसीमा ओरडली तेव्हा कुठे तिने तांदळाच्या पिंपावरचा नारळ आणून दिला. लिलाव पार पडला नव्हता, म्हणून हमझाने तो फोडला नव्हता. महिन्या-दीड महिन्यात त्याची शेंडी भुरकी झाली होती.

तो नारळ उघड्या हातात, सगळ्यांना दिसेल असा धरून नसीमा बंदरावर परत आली. बायका बाजूला सरल्या. कोळणींच्या लिलावाचा गलका थांबला. तिने नारळ अस्लमच्या पायाशी ठेवला.

काही सांगावं लागलं नाही. नाट्यात जन्मलेल्या माणसाला शेंडीचा नारळ कशासाठी ठेवतात ते कळतं, मग तो सोळा वर्षं कतारला असो नाहीतर चंद्रावर. अस्लमने नारळाकडे पाहिलं, हमझाकडे पाहिलं, आणि शेवटी बायकोकडे.

"कोणी ठेवला हा?"

"मी. दुसरा भास्करकाकांकडं."

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो जाळ्याच्या ढिगावर मटकन बसला.

"मना तुमी घरात हवे होतात," नसीमा म्हणाली. आवाज तिने खाली आणायचा प्रयत्न केला, तो आला नाही. सगळ्या बंदराने ऐकलं. नाट्यात बायका असलं चारचौघांत बोलत नाहीत. नवऱ्यालाही एकांतात बोलत नाहीत. कोणीतरी म्हातारी कोळीण पदराने डोळे पुसू लागली, तिचा मुलगाही मस्कतला होता.

अस्लम ढिगावरून उठला. मग हमझाच्या समोर उकिडवा बसला आणि त्याच्या हातातलं जाळं काढून घेतलं. "मार मना," तो म्हणाला.

"मारीन," हमझा म्हणाला, "पण आधी पुढचा लिलाव होऊदे. या खेपेस मी असा बोलतो बघ तुझ्या विरुद्ध, साहेबाचे कान फाटतील."

त्याच संध्याकाळी भास्करकाका काठी टेकत आले. त्यांना बातमी पोचली होती. "अगो, माझा नारळ परत द्यायला मी तयार आहे," ते अपराध्यासारखे म्हणाले, "पण त्याचे मोदक झाले. मला वाटलं लिलाव झाला, निकाल काय का लागेना." त्या दिवशी किती दिवसांनी अस्लम हसला. नसीमाला त्या हसण्यानेही धीर वाटेना, कारण मुंबईच्या पेपरातली जाहिरात तोवर छापून आली होती.

दुसऱ्या लिलावाला चौघे मिळून निघाले. नसीमाला अस्लमनेच चल म्हटलं. एसटीत खिडकीशी बसल्यावर तो तिच्या कानाशी म्हणाला, "तुझ्यावर एक काम. मी बोलायला लागलो की थांबत नाय, माझा मना म्हायत हाय. तू माझ्या मागच्या खुर्चीवर बस. सव्वा रुपयाच्या खाली गेलो, की माझी बाही खेच."

"मी?"

"तूच. दुसऱ्या कोणी खेचली तर मी झटकून टाकीन."

 उरलेल्या रस्ताभर नसीमा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. वाटेत पावस गावाला गाडी थांबली तेव्हा हमझाने सगळ्यांना चहा आणला, तिचा तसाच निवला.

कचेरीतला हॉल लहानच होता. वर पंखा, खाली लोखंडी खुर्च्या. साहेब तेच, मागच्या वेळचे, गावच्या तिघांना पाहून त्यांनी "आज तरी बोलणार ना?" असं विचारलं, तेव्हा हमझाने छातीवर हात ठेवला. पण पहिल्या रांगेत एक नवा माणूस होता. मुंबईच्या एका कंपनीचा, तरुण, टाय घातलेला, कानाला मोबाइल. त्याने पांढऱ्या पाहिला नव्हता. लिलाव सुरू व्हायच्या आधी त्याने साहेबांना विचारलं, "सर, तिथे गाडी जाते का?" हमझा खोकल्याचं सोंग करून हसला. नसीमाला हसू आलं नाही. ज्याला खडक माहीत नाही, त्याला त्याच्यावरच्या खांबाची भीती कशी असेल?

"तीन रुपयांपासून," साहेब म्हणाले. "दर वेळी निदान पाच पैसे खाली."

हमझाने शब्द पाळला. "दोन रुपये नव्वद!" असा ओरडला की शिपाई दारातून डोकावला. भास्करकाका अडीच म्हणाले. अस्लम दोन चाळीस. टायवाला फोनवर काहीतरी पुटपुटून दोन. भास्करकाका खांदे पाडून मागे टेकले. हमझा पावणेदोनला बोलून थांबला, त्याला त्याच्या खाली परवडणारच नव्हतं. मग दोघेच उरले. दीड. एक पंचेचाळीस. एक चाळीस. टायवाल्याचा आवाज दर वेळी सारखाच, हॉटेलात जेवण मागवावं तसा. अस्लमचा आवाज दर वेळी थोडा कोरडा.

"सव्वा रुपया," अस्लम म्हणाला.

ही पायरी. नसीमाने मनातल्या मनात अल्लाचं नाव घेतलं. टायवाल्याने फोन कानाला लावला, पलीकडचं ऐकलं.

"एक वीस."

अस्लमची मूठ मांडीवर वळली. आता गप्प बसायचं होतं. नसीमा त्याच्या मानेकडे बघत होती. तिथे केसांच्या खाली घाम जमला होता.

"एक पंधरा," तो म्हणाला.

खेचायची होती बाही. तिचा हात उठला नाही. तो उठेना, कारण तिने उठवलाच नाही, हे तिला स्वतःला स्वच्छ ठाऊक होतं. पाच-दहा पैशांचाच तर फरक, तिचं मन म्हणत होतं, आपण कमी खाऊ, मी शिलाई करीन, तो घरी तरी असेल. टायवाल्याचा फोन लागत नव्हता. तो उठून खिडकीशी गेला. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. फोन लागूच नये, असं नसीमाला इतकं तळमळून वाटलं, की तिने डोळे मिटून घेतले.

मिटलेल्या डोळ्यांना खांब दिसला. आषाढातला समुद्र, पांढऱ्या अर्धा पाण्याखाली, खाली होडी नाही कारण होडीचे पैसे परवडले नाहीत, वर दुसरं माणूस नाही कारण त्याचा पगार परवडला नाही. आणि वर अस्लम, एका हाताने दोरी धरून. बंदरावर ती आणि महरीन. नवरा घरी आहे म्हणतात तो असा.

"एक रुपया," टायवाला खिडकीतून म्हणाला. फोन लागला होता.

अस्लमची पाठ ताठ झाली. त्याने श्वास आत घेतला. बोलायच्या आधी तो असाच श्वास घेतो, सोळा वर्षांच्या संसारात तिला तेवढं तरी कळलं होतं.

नसीमाने हात पुढे केला आणि त्याची बाही खेचली.

आत घेतलेला श्वास तसाच राहिला. त्याने मागे वळून पाहिलं. रागावलेलं तोंड नव्हतं ते. पाण्यातून वर काढलेल्या माणसाचं असतं तसं होतं. तिने बाही सोडली नाही. सोडली तर तो बोलेल, याची तिला खात्री होती.

"अस्लम होडेकर, आणखी काही?" साहेबांनी विचारलं.

"नाय, साहेब."

"एक रुपया, एक वेळ. एक रुपया, दोन वेळ." तिसऱ्यांदा म्हणायच्या आधी साहेब थोडे थांबले. भला माणूस असावा. मग त्यांनी तेही म्हटलं.

बाहेर आल्यावर हमझाने रस्त्याकडे तोंड करून एक सणसणीत शिवी घातली, ती कोणाला ते त्याने सांगितलं नाही. भास्करकाका म्हणाले, "रुपयात तो बांधून दाखवू दे, मी मिशी काढीन." काकांची मिशी शाबूत राहिली. पुढच्या उन्हाळ्यात कंपनीची माणसं आली, खडकावर एक पाटी ठोकून, तिच्यासमोर फोटो काढून गेली. रुपयात ते कोणालाच परवडणारं नव्हतं, हे त्या टायवाल्याला सोडून सगळ्या नाट्याला माहीत होतं. पाटी दोन पावसाळे टिकली. मग पाखरांनी तीही पांढरी केली. कंपनी बांधेना, सरकार खडक दुसऱ्याला देईना, आणि रत्नागिरीचा बर्फ रस्त्यावर सांडत सांडतच येत राहिला. या सगळ्याला योजना म्हणतात.

पण ते नंतरचं. ईद झाली, आणि अस्लमची बॅग भरली गेली. त्या शेवटच्या आठवड्यात तो वाऱ्याकडे बघेनासा झाला होता. घासातला घास महरीनला भरवायचा. पोरगी आता त्याच्या मांडीवरून उठत नव्हती, त्याचंच नसीमाला जास्त लागत होतं. एवढे महिने जिला तो परका होता, तिला तो आत्ता कुठे सापडला होता.

राजापूरच्या स्टँडवर मुंबईची गाडी लागली. हमझाने बॅगा टपावर चढवल्या. महरीनने खिडकीतून आत टाकायला म्हणून आपला रुमाल दिला, जागा धरायला. कंडक्टर घाई करत होता. अस्लमने महरीनचा मुका घेतला, हमझाला मिठी मारली, नसीमाकडे बघून नुसती मान हलवली आणि पायरीवर पाय ठेवला.

आणि तिथेच अडकला.

त्याने वळून पाहिलं. त्याची बाही नसीमाच्या मुठीत होती. ती कधी धरली, हे तिलाही कळलं नव्हतं.

"आता कशाला खेचतंस गो?" तो हळूच म्हणाला. "आता तर मी काय बोल्लो पण नाय."

मागून कोणीतरी "चला हो, चला" म्हणालं. नसीमाने बाहीकडे पाहिलं. कचेरीत धरली होती तीच, उजवी. तिने एकेक बोट सोडवलं आणि हात ओढणीखाली घेतला.

"जावा," ती म्हणाली. "पोचल्यावर फोन करा."